ळ बाद

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांचा पाय मोडल्यापासून दर पंधरवड्याला हेच रहाटगाडगं. सहा तास माहेरी जायचं, उद्या सहा तास यायचं. आज मागच्या सीटवर हद्दीवरून युद्ध. "आई, हिचं कोपर माझ्या बाजूला आलंय!" नवरा गाडी चालवता चालवता आरशातून डोळे वटारतो. उपयोग शून्य.

शेवटी मीच सूत्रं हातात घेतली. इतकी वर्षं रेडिओवर निवेदन करते ती काय उगाच? शब्दांच्या भेंड्या! एकाने शब्द द्यायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्याने. मी पाच मोजेपर्यंत सुचला नाही तर बाद. कागद, दगड, डबा, बादली... रस्ता कसा सरला कळलं नाही. उतरताना नवरा म्हणाला, "तुला घरी ठेवून रेडिओ लावला असता तरी हेच ऐकावं लागलं असतं." मेला!

धाकटी लवकर बाद झाली. नऊ वर्षांची झाली तरी अडखळते. पहिलं अक्षर ओठाशी येऊन बसतं, हलत नाही. पण भेंड्यांत एकेकटा शब्द तर बोलायचा असतो. तेवढाच सराव.

९ फेब्रुवारी

परतताना पुन्हा भेंड्या. धाकटीने नवाच चाळा काढलाय. 'स' आला – सकाळ. 'व' आला – वादळ. 'म' आला – मुसळ. आणि ळ वरून मराठीत एकही शब्द सुरू होत नाही! गाडी ठप्प. म्हणजे खेळाची.

थोरला तडकला. "ही मुद्दाम करते! हिला खेळ मोडायचाच असतो." ती आपली मजेत, आमच्या तोंडांकडे बघत.

मी नियम केला. ळ बाद. ळ वर संपणारा शब्द जो देईल तो आउट.

"का?"

"अगं, सगळे गप्प बसतात. खेळ थांबतो ना, राणी."

ती खिडकीबाहेर बघत बसली. मी लगेच पुढचा शब्द दिला. नोकरीत पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट – बाकी काही चुको, शांतता पडता कामा नये.

१२ फेब्रुवारी

बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या नेहमीचंच म्हणाल्या. "तिला वेळ द्या. घाई नको. शब्द तिच्या तोंडून काढून घेऊ नका." मी म्हटलं, घरी आम्ही सगळे अगदी थांबतो हो. धाकटी शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहू की नको असं झालंय.

आज नणंद बरोबर होती, अर्ध्या वाटेपर्यंत. मुलांची लाडकी आत्या. मी जरा जास्तच रंगात आले होते. बघ, आमच्या गाडीत कशी मजा असते! भेंड्या सुरू. नणंदेने "साप" म्हटलं आणि 'प' धाकटीवर आला.

ओठ घट्ट मिटलेले. मान किंचित हलतेय. प... प... मी मोजतेय. एक. दोन. नणंद पुढे वाकून तिच्याकडे बघायला लागली – ते 'अरेरे, बिचारी' असलं बघणं. ते मला सोसेना. आणि मी स्टुडिओतला आवाज लावला – "श्रोतेहो, तांत्रिक कारणामुळे आमच्या प्रसारणात व्यत्यय आला आहे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

काय हशा पिकला! नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा स्टिअरिंगवर थाप मारून हसला. धाकटीही हसली. सगळ्यांचं हसून झाल्यावरही ती हसतच होती.

विनोद नव्हता तो. पांघरूण होतं. मला माझ्या पोरीची लाज वाटली – नणंदेसमोर. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे नंतर स्वतःला गंडवता येणार नाही.

२३ फेब्रुवारी

परतताना खेळ नाही. तिचं डोकं दुखत होतं म्हणे.

२६ फेब्रुवारी

थोरल्याने तिचं नावच पाडलंय. "ए व्यत्यय, दार लाव!" "व्यत्यय, माझं रबर कुठाय?" आणि ती ओ देते!

कानफटात द्यावीशी वाटली. त्याला म्हटलं, पुन्हा हा शब्द ऐकला तर याद राख. तो शांतपणे म्हणाला, "तूच तर म्हणालीस."

स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा घासली.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, विसरेल ती." मग थोड्या वेळाने, "हसलो मीही, नाही का?"

१ मार्च

सकाळी तिची वेणी घालताना ठरवलं, आता बोलायचंच. पाठमोरी होती, सोपं जाईल वाटलं. 'दिलगीर आहे' एवढंच ओठावर आलं. ते कसं म्हणणार? मग दुसरं काही येईना. तोंड उघडलं, मिटलं. कंगवा केसांत तसाच. हजारो लोकांशी रोज बोलणारी बाई मी!

तिने वळून पाहिलं. थांबली. माझ्या तोंडचा शब्द काढून घेतला नाही तिने.

"त्या दिवशी मी वाईट वागले," शेवटी म्हटलं.

"हं," म्हणाली. "रिबीन घट्ट बांध."

८ मार्च, शनिवार

आज भेंड्या तिनेच काढल्या. अट एकच, ळ चालला पाहिजे. कबूल. थोरल्याने "पाऊस" म्हटलं, तिने "सकाळ". आम्ही तिघं अडकलो. नवऱ्याने घसा खाकरला, थोरला जीभ टाळूला लावून "ळ... ळ..." करत राहिला, माझी मान हलायला लागली. पुढे काही येईना. ती एकेकाचं तोंड बघत होती. मोजत नव्हती.

"ब-ब-बघा," म्हणाली, "असं होतं."