वीस दिवसांचं पिल्लू

श्रीशिव प्रसन्न
वाशी, मार्गशीर्ष शु. ५, शके १८६५

चि. महालिंगप्पास पार्वतम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी देवळात गेले तेवढ्यात टोपलीतलं पिल्लू उचलून कळंबला नेलंस. ते अवघं वीस दिवसांचं आहे. दोन महिने आईपाशी राहिल्याशिवाय पिल्लू धड खायला शिकत नाही की उंदीर धरायला. एवढी अक्कल आमच्या गड्यालाही आहे. मांजर घरभर ओरडत फिरते आहे. तुमच्या गाडीवान बब्रुवानबरोबर पिल्लू परत धाड. सूनबाई उमाबाईस आशीर्वाद.

पार्वतम्मा


कळंब, मार्गशीर्ष शु. ७

ती. आत्याबाईंस बालके महालिंगप्पाचा शि. सा. न. वि. वि.

पिल्लू मिळणार नाही. माल कोवळा असतानाच घ्यावा, हे मी आडतीवर शिकलो. मोठं मांजर पळून जुनं घर गाठतं. म्हणून हे पोत्यात घालून आणलं आणि दुकानाभोवती तीन फेऱ्या मारल्या. वाटीभर दूध ठेवलं आहे, भूक लागली की पिईल. निजामाच्या या मोगलाईत माणसांची दाद लागत नाही आणि तुम्ही मांजरीची फिर्याद लावता! उमा म्हणते, लई बारकं हाय. बायकांच्या बोलण्यावर गोदामातले उंदीर मरत नसतात.

वडीलकीची माया ठेवावी.

महालिंगप्पा


कळंब, मार्गशीर्ष शु. ९

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडचं पिल्लूच नाजूक निघालं. वाटीला तोंड लावत नाही, अंग गार पडलं आहे. बब्रुवानबरोबर पाठवतो. मी पुष्कळ जपलं, कापसाच्या बोळ्यानं दूधसुद्धा पाजलं. जगलं तर कळवावे.

महालिंगप्पा


वाशी, मार्गशीर्ष शु. १०

चि. महालिंगप्पास आशीर्वाद. वि. वि.

पिल्लू जिवंत पोचलं. मांजर आधी त्याला हुंगून फिस्कारली. मग चाटू लागली. आता ते दूध पितं आहे.

बोळा तू धरलास म्हणे! बब्रुवाननं सगळं सांगितलं. दोन दिवस उमाबाई त्याला पोटाशी धरून थेंब थेंब पाजत होती आणि तू म्हणत होतास, फेका ते ध्यान. थू तुझ्या शहाणपणावर.

पौष पौर्णिमेनंतर पिल्लू न्यायला उमाबाईनं यावं, तू नको. नऊ वर्षांची पोर तुमच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा आईसाठी महिनाभर रडत होती. तिला कुणी जवळ घेतलं नाही. मी तेव्हा तिथंच माहेरपणाला होते, मीही घेतलं नाही. आमच्याहून ती पोर मोठी निघाली.

माझ्यावर लोभ नाही केलास तरी चालेल, तिच्यावर कर.

पार्वतम्मा