हात मागे

ती. सासूबाईंना,

नमस्कार. वर्गातून आल्यापासून तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत, म्हणून लिहायला बसलेय. द्यायचा धीर होईल की नाही, देव जाणे.

प्रौढांच्या कॉम्प्युटर वर्गात शिकवताना मी हात पाठीमागे बांधून फिरते, ते तोऱ्यात नाही हो. शिकणाऱ्याच्या हातातला माउस आपण घेतला, की काम होतं, पण तो शिकत नाही. मोठी माणसं तर ओशाळतात आणि दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. म्हणून आज तुम्ही टाइप केलेलं सगळं पुसलं गेलं, शेजारच्या बाई फिदीफिदी हसल्या, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हाही मी नुसतं म्हटलं, "काही बिघडत नाही. परत करून बघा."

खरं तर पाठीमागे बांधलेले माझे हात माउस घ्यायला शिवशिवत होते. तुम्हाला वाटलं असेल, सुनेनं उट्टं काढलं. घरात माझ्या हातातलं उलथनं तुम्ही रोज काढून घेता ना! उद्या तुम्ही वर्गाला आलाच नाहीत तर?

इथवर लिहून कांदा परतायला उठले. डोक्यात हेच, त्यात कांदा करपला. वळून बघते तर दारात तुम्ही. मी आपणहून उलथनं पुढे केलं. तुम्ही घेतलं नाहीत. तुमचे हात पाठीमागे होते.

"काही बिघडत नाही," तुम्ही म्हणालात. "परत करून बघ."

दुसरा कांदा चिरून परतायला घेतला, तेव्हा उलथनं मी मुठीत घट्ट धरलं होतं. तुम्ही माउस धरता, तसंच.

तुमची विद्यार्थिनी,
सूनबाई