ठमी आणि उताराचं पेट्रोल

२ जानेवारी

थोरल्याने आज ठमीला डबा म्हटलं. माझ्यासमोर! माझ्याच हातचा चहा पीत!

ठमी म्हणजे आमची गाडी. म्हातारी, बुटकी. एके काळी पिवळी होती, आता कसली आहे ते बघणाऱ्याने ठरवावं. थोरला म्हणतो, "आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणालेत, मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ठमी नुसती उभी राहून सडणार. त्यापेक्षा भंगारात देऊ. पुढच्या महिन्यात माझी नवी गाडी येतेय, ती दारात लावता येईल."

दारात जागा एकाच गाडीची. म्हणजे खरं कारण ते!

यांच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने भिंत बघत बसले.

आणि माझे पडदे? लोकांचे पडदे मी शिवते, पोचवते, वर टांगूनही देते. कापडाचे गठ्ठे, दांड्या, शिडी — सगळं ठमीतून जातं. यांनी चालवायचं, मी शेजारी बसून दांड्या धरायच्या, असा आमचा संसार. ठमी गेली की काय शिडी डोक्यावर घेऊन गावभर हिंडू?

तोंडातून निघूनच गेलं — "मी चालवीन."

थोरला हसला. सूनबाईपण हसली, पण भांडी उचलायच्या निमित्ताने आत जाऊन. हे हसले नाहीत. म्हणाले, "चप्पल काढून चालवावी लागेल."

थोरला म्हणाला, "बरं. माझी गाडी यायच्या आत लायसन्स आण. नाहीतर ठमी गेली."

ठरलं तर ठरलं!

५ जानेवारी

शिकाऊ लायसन्स मिळालं. खुणांचं पुस्तक घडाघडा म्हणून दाखवलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला तेवढं पुष्कळ.

१२ जानेवारी

पहिला धडा, मोकळ्या मैदानात. गल्लीतून ठमी काढून द्यायला आणि परत आणायला यांचे धाकटे भाऊ, भावोजी. यांचा गुरुमंत्र — चप्पल काढ. स्वतःचीही काढून दाखवली. "पावलाला पेट्रोल कळलं पाहिजे. पायाखाली अंडं आहे असं समज."

"आणि फुटलं तर?"

"तर पेट्रोल गेलं!"

माणूस एका डोळ्याने बघतो पण दोन तोंडांनी ओरडतो. क्लच सोड! एवढा नको! धर! अगं, गिअर आहे तो, खलबत्त्यातला बत्ता नव्हे! मी म्हटलं, आता एक शब्द बोललात तर इथेच उतरवून जाईन. तेव्हा गप्प बसले. गाडी जरा पुढे गेली. मग बंद पडली. मग परत गेली.

घरी येऊन उतरलो तर दोघं अनवाणी! चपलांचे दोन्ही जोड मैदानात राहिलेले. सूनबाईने विचारलं, "चालत आलात की काय?"

१९ जानेवारी

ठमी मागेसुद्धा गेली! माझ्या हाताने!

२३ जानेवारी

आज गल्लीतून मीच काढली. एका बाजूला भाजीच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला घारीने वाळत टाकलेल्या चादरी — आणि मधून ठमी, सुईतून दोरा जावा तशी! घारी म्हणजे आमची शेजारीण. गल्लीत पान हललं तरी खिडकीत हजर. ओरडून म्हणाली, "सांभाळ गं, माझ्या चादरी!" चादरीला वारासुद्धा लागला नाही. मोठी गाडी असती तर चादरी अंगावर घेऊन गेली असती.

लोकांना मोठं कशाला लागतं कोण जाणे. ठमीचं सगळं हाताच्या अंतरावर. काच हवी तर हँडल फिरवायचं. वारा हवा तर तीच काच. बोनेट उघडलं तर आतला एकेक नट दिसतो. गॅरेजवाला म्हणतो, "काकू, हिच्यात बिघडायला फार काही नाहीच." आणि पिते ती चिमणीसारखी! काटा हलतो की नाही म्हणून मी काचेवर टिचक्या मारते. मागची सीट पाडली की अख्ख्या घराचे पडदे मावतात. दांड्या तेवढ्या खिडकीतून बाहेर. त्यांना लाल चिंधी बांधली की झालं.

२९ जानेवारी

आज यांनी आपली खरी विद्या दिली.

पुलापलीकडच्या लांब उतारावर म्हणाले, "आता गिअर काढ. किल्ली एक घर मागे घे."

"म्हणजे बंद करू? चालत्या गाडीत?"

"बंद! उतार आपला, पेट्रोल कशाला जाळायचं?"

केलं बंद. काय सांगू! इंजिनाचा घर्रर्र आवाज एकदम गेला. नुसता वारा, आणि चाकांखाली रस्ता सळसळतोय. कुठल्या तरी झाडातला पक्षी ऐकू आला. ठमी आपली घरंगळत चालली, घरंगळत चालली. हे मांडीवर थाप मारून म्हणतात, "फुकट! आपण फुकट चाललोय!" आणि हसायला लागले. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. मलाही हसू आवरेना. खाली पोचलो तेव्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी. यांच्या डोळ्याला ते चालतं की नाही, देव जाणे.

२ फेब्रुवारी

यांची पट्टी निघाली, आता साधा चष्मा. आज धाकट्या भावोजींबरोबर डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले. विचारलं, काय म्हणाले गाडीचं? "अजून नाही." चहात बिस्किट बुडवत बसले. बिस्किट तुटून आत पडलं तरी बघेनात.

जरा वाईट वाटलं. पण माझ्याकडे हॉटेलच्या पडद्यांची दुमड शिवायची पडली होती.

५ फेब्रुवारी

नापास!

परीक्षेचा साहेब बारीक मिशीचा, नाकाने कांदे सोलणारा. माझ्या पायांकडे बघून म्हणतो, "बाई, चपला?" म्हटलं, घरी ठेवून आलेय, हरवतात. त्याने ते लिहून घेतलं.

तरी सगळं छान चाललं होतं. वळण छान, चढ छान, मागे घेणं तर असं की मीच माझ्यावर खूश. मग त्याने गाडी उताराला लावायला सांगितली. मी आपला रोजच्यासारखा गिअर काढला, किल्ली मागे घेतली. शांत!

साहेबाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. "बंद पडली! बाई, बंद पडली!"

"पडली नाही साहेब, पाडली. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?"

उतार संपेपर्यंत तो बोलला नाही. खाली पोचल्यावर मात्र खूप बोलला. किल्ली आणखी एक घर मागे गेली असती तर स्टिअरिंग अडकलं असतं, वळवणार कशाने? खाली माणूस आडवा आला असता आणि इंजिन सुरूच झालं नसतं तर? मी म्हटलं, आमचे हे जन्मभर असंच करतात. तो म्हणाला, "मग त्यांचंही लायसन्स बघायला पाहिजे."

घरी आल्यावर यांना धरलं. "अगं, परीक्षेत नसतं करायचं ते!"

"मग सांगायचं होतंत!"

"मला वाटलं, तेवढं कळत असेल!"

"तुम्हीच शिकवायचं आणि मीच कळून घ्यायचं? जन्मभर ड्रायव्हर शेजारी असूनही मी नशिबावर बसून हिंडले म्हणायचं!"

रात्री यांचं ताट आपटूनच वाढलं.

६ फेब्रुवारी

थोरल्याचा कामावरून फोन. त्याची गाडी वीस तारखेला येतेय. भंगारवाल्याला सांगू का, विचारतो. म्हटलं, सांगून बघ. मग मीही तुला सांगते.

११ फेब्रुवारी

शिकलेलं सोडायला शिकण्यापेक्षा जास्त कष्ट! उतार दिसला की हात आपोआप किल्लीकडे जातो. आणि माझा नाही गेला तर यांचा जातो! शेजारी बसून हळूच हात पुढे. फटका मारला. म्हणाले, "सवय गं." म्हटलं, सवय खिशात ठेवा.

मग सगळ्या उतारावर हात बगलेत धरून बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. फार गोड दिसत होते. बोलले नाही तसं.

१७ फेब्रुवारी

परत तोच साहेब. पायात चप्पल, मागून पट्टा असलेली. हे फाटकाबाहेर उभे, मानेने खुणा करत. मी तिकडे बघितलंच नाही.

वळण झालं. चढ झाला. आणि आला तो उतार. साहेबाने आधीच डॅशबोर्ड धरून ठेवला. माझा हात शिवशिवतोय! चाक घट्ट धरलं, गिअर तसाच ठेवला, इंजिन आपलं घरघरतंय, पेट्रोल चाललंय फुकट — आणि मोठ्याने निघून गेलं, "जळू दे मेलं!"

साहेब दचकला. "काय जळू दे?"

"पेट्रोल, साहेब. जळू दे."

पहिल्यांदाच हसला. मिशी चांगली दिसते हसताना. पास!

बाहेर येऊन यांना सांगितलं, तर यांनी भर रस्त्यात ठमीच्या टपावर ताल धरला. लोक बघत होते. बघू देत!

२१ फेब्रुवारी

हॉटेलचे पडदे पोचवले. एकटीने! शिडी आत, दांड्या बाहेर, मध्ये मी. सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्याने विचारलं, "मावशी, गाडीत पडदे आहेत की पडद्यांत गाडी?" म्हटलं, पुढे बघ, हिरवा झाला. आणि त्याच्याआधी निघाले.

काल थोरल्याची गाडी आली. एवढी थोरली की गल्लीच्या तोंडाशीच अडली. चार माणसं हात करून सांगत होती — या, या, नको, थांबा! शेवटी कोपऱ्यावर लावली. तिथून घरापर्यंत सामान आणायला ठमी नेली. थोरला माझ्या शेजारी बसला, गुडघे हनुवटीला. म्हणतो, "आई, हळू गं." म्हटलं, डब्यात बसलायस, घट्ट धर.

सूनबाई मागे गठ्ठ्यावर बसून खो खो हसत होती. परवा तिला मैदानावर नेते.

२६ फेब्रुवारी

यांना डॉक्टरकडे आज मीच नेलं. म्हणाले, "तू कशाला आत येतेस? बाहेर बस." मी का बाहेर बसू? गेले आत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग काका, ड्रायव्हिंग कसं चाललंय? मागच्या खेपेला परवानगी दिली होती ना मी?"

मागची खेप! म्हणजे माझ्या नापासाच्याही आधी!

मी यांच्याकडे बघितलं. यांनी समोरच्या तक्त्याकडे तोंड केलं आणि कोणी विचारलं नव्हतं तरी अक्षरं वाचायला लागले. भराभर, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. एकही चुकलं नाही.