दुसऱ्या अंकात काय झालं

आई, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझ्याबद्दल चांगलंच बोलायचं हा नियम मी मोडला तरी कुणाला काही वाटणार नाही. तुला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. लिहायची वेळच आली नाही, कारण वागळे इस्टेटच्या मागच्या त्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आपण दोघी सतत एकमेकींच्या पायात होतो. मला तुझी दया येत असेल असं लोकांना वाटतं आणि मी ते खोडून काढत नाही. खरं म्हणजे मला तुझा राग येतो. ज्यांच्या तोंडावर दार आपटायला हवं होतं अशा प्रत्येकाला तू हात जोडलेस, आणि वर घरी येऊन मला सांगायचीस, "नको गं असं तोंड करू, माणसं चांगली आहेत."

तुझा मालकही चांगलाच होता. भांडी घासायची पावडर भरायचा तो कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, पांढऱ्या दगडाच्या पिठाचा ढीग आणि त्याभोवती बसलेल्या तुम्ही दहा बायका. मापाने भरायचं, पाकीट बंद करायचं, पुढचं घ्यायचं. संध्याकाळी तू यायचीस तेव्हा तुझ्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि लहानपणी मी टाळ्या पिटून "म्हातारी आली, म्हातारी आली" म्हणायचे. फाटलेली पाकिटं तुम्हाला फुकट मिळायची. त्यामुळे आपली भांडी अख्ख्या चाळीत उठून दिसायची, आणि तू ती फळीवर अशी मांडायचीस की दारातून जाणाऱ्याला दिसलीच पाहिजेत. आज विचार करते तेव्हा वाटतं, तुझ्या फुप्फुसांच्या बदल्यात आपल्याला मिळालं काय, तर चकचकीत पातेली. तुला मात्र त्याचं कौतुक. दुसरीकडे कुठे देतात का गं फुकट, म्हणायचीस.

खोकला सुरू झाला तेव्हा कामगारांच्या दवाखान्यात दोन वर्षं टीबीच्या गोळ्या दिल्या. टीबी नव्हताच. मग एका नव्या डॉक्टरने तुझ्या छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि आपल्याकडे न बघता सांगितलं, "दगडाची धूळ आहे. बसली ती बसली, निघत नाही. काम सोडा." एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. आयुष्यात तुला खरं सांगणारा तो पहिला माणूस, आणि बाहेर आल्यावर तू काय म्हणालीस? "पोरगा चांगला आहे, पण अनुभव नाही त्याला."

अनुभव होता तो डोंबिवलीच्या वैद्याला. बँकेतून रिटायर झालेला माणूस. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं फिरवतात, याने नाड्या तपासायला सुरुवात केली होती. कारखान्यातल्या कुणी तरी पत्ता दिला आणि आपण गेलो. पहिल्या मजल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत तक्क्याला टेकून हा. तुझा हात धरून, डोळे मिटून बसला तो बसलाच. मग डोळे उघडून म्हणाला, "धूळ निघत नाही असं कोण म्हणतं? वितळवून काढू. तीन महिने लागतील, ताई." अभ्रकाचं भस्म मधातून, शेळीचं दूध, आणि रोज त्याच्याकडे येऊन कसल्याशा पाल्याचा वाफारा. पैसे मात्र सगळे आधी. "अर्धवट उपचार म्हणजे अर्धी कच्ची भाकरी. पोटच दुखणार." त्याने सांगितलेला आकडा माझ्या वर्षाच्या पगाराएवढा होता.

नौपाड्यात ज्या वकिलाकडे मी टायपिंग करायचे, त्याच्या कपाटातल्या शब्दकोशात मी अभ्रक काढून पाहिलं. खनिज, म्हणजे दगडच. वीस वर्षं जो नाकातून गेला तो आता मधातून जाणार होता. संध्याकाळी तुला हे सांगितलं तर तू शांतपणे म्हणालीस, "मग? काट्यानेच काटा काढतात." मी खूप बोलले त्या दिवशी. तो लबाड आहे म्हटलं, तू अडाणी आहेस म्हटलं. तू भाजी चिरत होतीस, ती चिरतच राहिलीस आणि शेवटी एवढंच म्हणालीस, "पाच मिनिटं हात धरून बसला गं तो. दवाखान्यात कुणी हात लावत नाही." तरी तो लबाडच होता.

मग पैसे गोळा करायला निघालो. बाबा गिरणी बंद पडल्यापासून गावी जाऊन बसले होते. त्यांनी मदत म्हणून पाकिटातून अंगारा पाठवला, तोही टपालात अर्धा सांडलेला. तुझ्या मालकाकडे मी स्वतः गेले. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, "तुझी आई म्हणजे आमच्या घरचं माणूस" असं दोनदा म्हणाला, आणि निघताना माझ्या हातात पावडरच्या बारा पाकिटांचा खोका ठेवला. या वेळी फाटकी नव्हती, चांगली होती. मी तो खोका चाळीच्या कचऱ्यात टाकला. तू जाऊन उचलून आणलास. नौपाड्यातल्या एका ट्रस्टच्या ऑफिसात तिघा म्हाताऱ्यांनी अर्ज वरून खाली आणि खालून वर वाचला आणि म्हणाले, "ऑपरेशन असतं तर विचार केला असता. पुड्यांना आम्ही देत नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मीही तुला तेच सांगत होते, आणि तरी जिना उतरताना मी त्यांना मनातल्या मनात मोजून शिव्या घातल्या.

राहिला चाळीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. तोवर बाळकुमच्या शेतजमिनी बिल्डरांना मिळवून देण्यात त्याच्या गळ्यात साखळी आली होती आणि आता त्याला नाव हवं होतं. "देणगी मागितली ना की लोक दार लावून घेतात," तो म्हणाला. "आपण नाटकाचा चॅरिटी शो घेऊ. विनोदी घेऊ. पब्लिकला कसं, पुण्य पण पाहिजे आणि हसायला पण पाहिजे." प्रयोग रविवारी दुपारी चारचा ठरला, कारण रविवारी सकाळी टीव्हीवरचे देव सोडून लोक खऱ्या देवाकडेही गेले नसते. तिकिटं दारोदार जाऊन आपणच खपवायची. आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पेशंटला बरोबर ने. फरक पडतो."

फरक पडायचा. ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून तू माझ्यामागून जिने चढायचीस. तळमजल्यावर तू नुसती एक नीटनेटकी बाई दिसायचीस आणि लोक म्हणायचे, "आत्ता हे घरी नाहीत, नंतर या." तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तुझे ओठ काळेनिळे व्हायचे, कठडा धरून तू वाकायचीस, आणि दार उघडणारी बाई घाबरून आधी पाणी आणायची आणि मग पर्स. हे माझ्या लक्षात यायला दोन बिल्डिंगा लागल्या. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी तुला घेऊन आधी थेट वर जायचे आणि मग एकेक मजला खाली उतरत यायचे. तू विचारलंस, "अगं, खालून का नाही करत?" मी म्हटलं, "उतरताना बरं पडतं तुला." वैद्याला मी लबाड म्हणते खरी. एक बाई तर पाण्याचा पेला परत घेताना म्हणाली, "दोन तिकिटं द्या, पण पुढची द्या हं, मागून ऐकू येत नाही." तू तिलाही हात जोडलेस.

तू तोवर थिएटरात कधी पाऊल टाकलं नव्हतंस. गावी जत्रेतला दशावतार सोडला तर नाटक म्हणून काही पाहिलेलंच नव्हतं. आपल्याला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. पडदा वर जातो आणि तू माझा हात घट्ट धरतेस. नाटकात एक कारकून आहे. रजा मिळावी म्हणून त्याने साहेबाला सांगून सांगून गावच्या आत्याला चार वेळा मारलंय, दर वेळी वेगळ्या आजाराने. दहा मिनिटांत तू सगळं विसरलीस. पदर तोंडात कोंबून हसत होतीस. तुला हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी स्टेजकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होते. पण तू हसलीस की खोकला यायचा, आणि खोकला आला की पुढच्या रांगेतली डोकी वळायची. पहिल्या अंकाच्या शेवटी खरी आत्या गाठोडं घेऊन कारकुनाच्या दारात उभी राहते आणि म्हणते, "तुझं हापीस बघायला आलेय रे." पडदा पडला. "अगो बाय माझे," तू म्हणालीस, "आता कसं होणार त्याचं!"

मध्यंतरात सत्कार होता. तुला एक शाल-नारळ आणि अध्यक्षाला एक, आणि त्याचा सत्कार तुझ्या हस्ते. त्याची शाल भारीतली होती. मग तो माईकवर बोलला. तुझ्या आजाराचं नाव त्याला पाठ करून दिलं होतं, पण आयत्या वेळी ते त्याला आठवलं नाही आणि "टीबीशी झुंज देणाऱ्या आपल्या या भगिनी" असं म्हणून तो मोकळा झाला. आपण जागेवर परत आलो तेव्हा तुझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

दुसरा अंक सुरू झाला, तू हसलीस, आणि जो खोकला सुरू झाला तो थांबेना. विंगेतून कुणी तरी अध्यक्षाला खूण केली. तो वाकून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, जरा बाहेर बाकावर बसता का? आत एसी आहे ना, तुम्हालाच त्रास होतो." तुझ्या छातीसाठी घेतलेला प्रयोग, आणि त्यातून तुझ्याच छातीला बाहेर काढलं. मी उठून त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण तू आधीच उठली होतीस, शाल आणि नारळ सांभाळत. मीही उठायला लागले तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलंस. "तू बघ गं नीट," म्हणालीस, "आणि मला मग सांग."

नाटक सुटल्यावर बाहेर आले तर तू वड्याच्या स्टॉलशेजारच्या बाकावर बसली होतीस. स्टॉलवाल्याने तुला गरम पाणी दिलं होतं आणि तो माणूस किती चांगला आहे हे तू मला लगेच सांगितलंस. रिक्षात बसल्या बसल्या विचारलंस, "मग गं? आत्या गेली का हापिसात?"

मी म्हटलं, "काही नाही गं. फालतू होतं. नुसता आरडाओरडा. चुकलं ते बरंच झालं तुझं."

"असं होय," तू म्हणालीस आणि बाहेर बघायला लागलीस. नंतर भस्माच्या पुड्या चालू होत्या तेव्हाही तू दोनदा विचारलंस. काहीतरी झालंच असेल ना गं, पहिला अंक एवढा चांगला होता. मी विसरले म्हणून सांगितलं. त्या वेळी मला वाटायचं की त्या अध्यक्षाला, त्या पुढच्या रांगेला, त्या सगळ्या प्रकाराला मी एवढंही श्रेय देणार नाही, की त्यांच्या नाटकाला चांगलं म्हणेन. पुढच्या गणपतीच्या आधी तू गेलीस. वैद्य म्हणाला, "उशीर केलात, ताईंना आधी आणायला हवं होतं." अध्यक्षाने चाळीच्या फलकावर तुझं नाव लिहिलं आणि तेही चुकवलं. मी सगळ्यांचा मनसोक्त तिरस्कार केला, अजून करते, आणि त्यातल्या कुणाचंच काही बिघडलं नाही. बिघडलं ते तुझं एकटीचं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून ते वकिलाच्या त्या शब्दकोशात राहील, तो आता माझ्याकडेच असतो. पण सांगते. गेली, आई, आत्या हापिसात गेली. साहेबाने तिला ओळखलंच नाही. तिच्याच जाण्याचं वाईट वाटून त्याने सगळ्यांकडून वर्गणी काढली होती आणि हापिसातच तेराव्याचं जेवण घातलं होतं. तिलाही बसा म्हणाला. आत्या स्वतःच्या तेराव्याच्या पंगतीत मांडी घालून बसली, पहिला घास घेतला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "भात कच्चा राहिलाय रे मेल्या." लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मीही हसले. तू बाहेर एकटी बसली आहेस हे मला माहीत होतं, तरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नाटक फार चांगलं होतं, आई.