तुला दिसलेली दुसरी

माय,

परतूरच्या आपल्या स्वयंपाकघरातली ती सकाळ मी गेल्या वर्षापर्यंत कुणाला धड सांगितली नव्हती. मी तेव्हा सातवीत. तू चुलीपुढे भाकऱ्या थापते आहेस, निखाऱ्यावर पेटवलेली बिडी ओठात. बाबांची चाहूल लागली की तू ती राखेत विझवायचीस. मी पाण्याची कळशी घेऊन आत आले, तशी तू मान वर केलीस. तुझी डावी पापणी अर्ध्यावर लोंबत होती आणि तिच्याखालची बाहुली एवढी मोठी झाली होती की डोळ्यात काळ्याशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं.

"तुझ्यासंगं ती कोण आली गं?" तू विचारलंस.

"कुणी न्हाई माय. मी एकटीच हाये."

"मंग बाजूला कोण उभीये? तुझंच परकर-पोलकं घातलंय तिनं."

तू तिला बस म्हणालीस. भाकरी द्यायला तिच्याकडे हात केलास, आणि भाकरी मातीत पडली. मी बाजूला वळून पाहिलं नाही. तीन दिवस ती माझ्यासोबत घरभर फिरली; मी उठले की तुझी नजर दोन ठिकाणी जायची. चौथ्या दिवशी दुपारी गहू निवडताना तू दोन्ही हातांनी डोकं धरलंस. "डोक्यात कायतरी फुटलं गं," एवढंच बोललीस. दिवस मावळायच्या आत गेलीस. चार वर्षांनी हसनाबादची मावशी, तुझी धाकटी बहीण, पाणी शेंदता शेंदता तशीच डोकं धरून खाली बसली, ती उठलीच नाही. मोठीनं धाकटीला नेलं, असं लोक बोलले. मीही तेच मानत आले.

मग लग्न होऊन मी जालन्याला, मस्तगडात आले, शाळेत शिकवू लागले. वर्गात एखादी मुलगी दुसरीला चिकटून उभी राहिली तरी मी दोघींना लांब-लांब उभं करायचे. गेल्या वर्षी बीपीची गोळी लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, आई कशानं गेली? मी पापणीपासून सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि सख्खी मावशीही? तुमच्या मेंदूची तपासणी करून घेऊ. जल्दी."

त्यांनी समजावलं ते असं. रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कच्ची पडते, तिथे दाबानं फुगा धरतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. काही घरांत हा कच्चेपणा रक्तातूनच येतो, चाळिशीनंतर बायकांत जास्त दिसतो. बीपी आणि बिडी त्याला आणखी ताणतात. तुझं बीपी तर कुणी कधी मोजलंच नव्हतं. तुझा फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता, म्हणून तुला एकीच्या दोन दिसत होत्या.

हे ऐकून भीती जायला हवी होती. पण माझ्याही डोक्यात तो निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याच डाव्या बाजूला. सध्या गोळी चुकवायची नाही आणि दर वर्षी तपासायचं, असं ठरलंय. रोज सकाळी आरशात मी आधी पापण्या पाहते, मग चेहरा.

हे पत्र वहीतच राहील, कुठं पाठवणार? फक्त एक सांगते. तुझ्या तेराव्याला, तू परत घरात येऊ नयेस म्हणून उंबऱ्यात खिळा ठोकायचं ठरलं, तेव्हा बाबांना हातोडा उचलवेना. तो खिळा मी ठोकला, माय. तू आलीस तर तुझ्यामागून ती दुसरीही घरात येईल, या भीतीनं.