भेवाची हद्द

१३ एप्रिल, रविवार

आज पुन्हा तोच वाद. कोणाले किती भेव.

कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळात आमचं तिघांचं मस्त जमते, तीन गावांतून, हेडफोनवर बोलत. पुढं मी, बाजूनं तुषार, मागून मंगेश. समोरून दहा जण आले तरी माहा हात हलत नाही. पण भुताचा खेळ लावला का मी पाय खुर्चीवर घेऊन बसते, अन् हे दोघं मले चिडवतात. दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारी अमरावतीची वाघीण, अन् दार वाजलं का खतम, म्हणे.

तुषारची हद्द लहान लेकराचं हासणं. वरूडले संत्र्याच्या पॅकिंगमध्ये ट्रकवाल्यांसंग भांडणारा माणूस, पण खेळात लेकरू हासलं का सरळ कॉम्प्युटर बंद करते. माही हद्द पाणी. काळ्या पाण्यात उतरा म्हटलं का मी उठून जाते. मंग्या म्हणे, मले कशाचंच भेव नाही. अकोल्यात पहाटे तीनले उठून बापासंग फुलं आणायले जातो, भुतं मलेच भेतात, म्हणे. एवढी फेकते तो.

एक गोष्ट यांले माईत नाही. लय भेव वाटलं का मी आवाज शून्यावर नेते. चित्र कितीबी घाण असो, आवाज नसला का काहीच होत नाही. चार वर्षं झाले, एकदाबी सांगितलं नाही. सांगणारबी नाही.

अट माही एकच, भुताचा खेळ दिवसा. रविवारी दु. २ वा. उन्हात. मान्य झाली.

१६ एप्रिल, बुध.

मंग्यानं नवा खेळ आणला, अन् शिकायपुरता म्हणून माही अट मोडून आज संध्याकाळीच लावला. बंद कारखाना, तिघांनी आत जायचं, सामान काढून आणायचं. आत एक राक्षस आहे, तो आपलं बोलणं उचलते. मग थोड्या वेळानं आपल्याच आवाजात हाका मारते. "वैशू, इकडे ये," असं मंग्याच्या आवाजात येते अन् मंग्या असते भलतीकडे.

म्हणून आमची एक रीत ठरली. कोणी हाक मारली का विचारायचं, आज काय जेवला? राक्षसाले उत्तर देता येत नाही. मंग्यानं सांगितलं ज्वारीची भाकर अन् ठेचा, का समजायचं खरा मंग्या.

पण मंग्या तो मंग्याच. आज त्यानं मुद्दाम हाका मारल्या. "खेळ नाही बे, खरं आहे, माहा पाय मुरगळला, या ना." आमी दोघं लपल्या जागेतून निघालो अन् मेलो. तो पाच मिनिटं हासत होता. मी त्याले लय शिव्या घातल्या.

१८ एप्रिल, शुक्र.

दुकानात जीव लागला नाही. रिद्धपूरहून एक म्हाताऱ्या बाई आल्या, नंबर तपासून झाला तरी उठून नाही राह्यल्या. डोळ्यानं दिसते बाई, पण वाचलं का घाबरल्यासारखं होते, म्हणे. मी म्हटलं, काय वाचता? त्या सांगायच्याआधी त्यांच्या सुनेनं उठवलं. दिवसभर तेच डोक्यात.

आई म्हणते, घरी आली का तू गोळ्या झाडते नाहीतर भुतं पाहते, म्हणून अशी चुळबूळ करते. असन.

२० एप्रिल, रविवार

जिंकलो आज. पहिल्यांदा पूर्ण सामान घेऊन बाहेर निघालो. म्हणजे मी अन् तुषार.

मंग्याचं नाटक आज हद्दीबाहेर. मधातच सुरू झाला. "बाबा, उठा ना. बाबा." मग मले हाक, तुषारले हाक. त्याच्या घरच्या कूलरचा घरघर आवाज, काहीतरी पडल्याचा आवाज. एवढी तयारी. मी कपाटात लपून विचारलं, मंग्या, आज काय जेवला? उत्तर नाही. तुषार हासून हासून बेजार. मंग्याचा खेळातला माणूस कारखान्याच्या मधोमध मान खाली घालून उभा राह्यला तो राह्यलाच. राक्षसानं उचलून नेला.

तुषारनं त्याची क्लिप काढून ग्रुपवर टाकली. मीबी तीन हासरे चेहरे टाकले. मंग्यानं पाह्यलं, उत्तर दिलं नाही. रुसला असन.

२१ एप्रिल, सोम.

तुषारचा फोन दुकानात आला. मशीनवर काच लागलेली होती, ती तशीच सोडली.

नाटक नव्हतं.

मंग्याच्या बाबाले लकवा मारला. आई हिवरखेडले लग्नाले गेलेली, घरी हे दोघंच. बाबा जेवून उठले अन् मोरीजवळ पडले. मंग्यानं कानात हेडफोन तसाच ठेवून त्यांले उचलायले पाह्यलं. त्यांचं वजन त्याच्यानं उचललं नाही. शेजारी कोणी दार उघडेना, दुपारचं ऊन, सगळ्यांचे कूलर चालू. शेवटी एक ऑटो सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत तास उलटून गेला.

हे सगळं तुषारले रोहितनं सांगितलं. रोहित तुषारचा चुलतभाऊ, मंग्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. त्याच्यापाशी गाडी आहे. काल दुपारी तो घरीच झोपलेला होता.

आमी एक फोन करायले पाहिजे होता. एकच.

२२ एप्रिल

मंग्याले मेसेज लिहिला, पुसला. लिहिला, पुसला. "बाबा कसे आहेत" एवढंच पाठवलं शेवटी. निळ्या खुणा आल्या, तेवढंच.

क्लिप तुषारनं काढून टाकली. काढून काय होते. पाह्यली होती त्यानं, दवाखान्यात बसून पाह्यली होती.

२४ एप्रिल

तुषारसंग भांडली. तो म्हणे, मी तरी काय करू, त्याचंच तसं आहे, बुधवारी "खरं आहे" म्हणून आपल्याले मारलं का नाही? अन् तू विचारलं तर उत्तर नाही दिलं त्यानं.

मी म्हटलं, बाप पडला असता तूनं सांगितलं असतं का काय जेवला ते?

मग तो हळूच म्हणे, "मी तुह्या भरवशावर होतो, वैशू. तू नेहमी पुढं असते. तू थांबली असती तर मी थांबलो असतो. तू काहीच बोलली नाही, म्हणून मले वाटलं नाटकच आहे."

मी फोन ठेवला. त्याले माईत नाही मी काहून बोलली नाही.

२५ एप्रिल, शुक्र.

लिहूनच टाकते. इथं कोण वाचते.

रविवारी त्यानं "बाबा उठा ना" म्हटलं तेव्हा मले भेव वाटलं. राक्षसाचं नाही. त्याचा आवाज तसा कधीच ऐकला नव्हता. मी विचारलं काय जेवला, तर तो म्हणे, "अवं वैशू..." अन् पुढचं ऐकायच्या आधी मी त्याच्या नावापुढची आवाजाची दांडी ओढून शून्यावर नेली. फक्त त्याची. तुषारचं हासणं चालू ठेवलं.

म्हणजे मले कुठंतरी कळलं होतं. नाटकाचं भेव वाटत नाही कोणाले. कळलं म्हणूनच तर बंद केलं. मी शोधत बसली होती भेवाची हद्द कुठं आहे, पाण्यात का अंधारात, अन् ती निघाली एका माणसाच्या आवाजात. लाज वाटून राहिली स्वतःची.

पुढं तो काय काय म्हणाला, मले माईत नाही. तुषारले माईत आहे. विचारायची हिंमत नाही.

२७ एप्रिल, रवि.

दोन वाजले. कोणीच आलं नाही. मी एकटी लॉग इन करून बसली, अर्धा तास. मग आईसंग कुरडया वाळत घातल्या, तिनं विचारलं आज खेळ नाही का. नाही म्हटलं.

तिनं पुढं काही विचारलं नाही, तेच बरं.

१ मे, गुरु.

दुकान बंद. सकाळच्या एसटीनं अकोला. मूर्तिजापूरपर्यंत तीनदा ठरवलं उतरून माघारी जावं. उतरली नाही, तेवढं बरं केलं.

बाबाले घरी आणलं आहे. समोरच्या खोलीत खाट, डावा हात अन् पाय पडला. तोंड वाकडं, बोललेलं अर्धं समजते. मंग्याची आई म्हणे, "तूच का ते खेळातली वैशू? बस बाई." मले पाण्याचा गिलास दिला. मले वाटलं शिव्या द्या, पाणी नोको.

मंग्या बाहेर आला अन् म्हणे, "या, बसा." चार वर्षांत त्यानं मले तुमी म्हटलं नव्हतं.

मागच्या अंगणात गेलो. त्यानं सगळं सांगितलं, न थांबता. मोबाईल खिशातच होता, म्हणे. पण सुचलंच नाही. कानात तुमी दोघं होते, तर तुमालेच हाका मारत बसलो. मग त्यानं माह्याकडे पाह्यलं.

"मी म्हणत होतो, खेळ नाही, खरं आहे, रोहितले फोन लावा. सातआठ वेळा म्हटलं. ते तुमाले ऐकू आलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. ऐकू आलंच नव्हतं.

तो म्हणे, "मले वाटलंच. नेट गेलं असन तुमचं."

अन् मी मान हलवली. "हो. गेलतं."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं मले. म्हणे, तेच म्हणत होतो मी आईले, वैशूनं ऐकलं असतं तर ती अशी बसली नसती. तुषारनं सगळं ऐकलं अन् हासला. त्याचं तोंड मले पाहायचं नाही आता.

मग तो "तू" वर आला. जेवू घातलं. बस स्टँडवर सोडायले आला.

येताना मूर्तिजापूरले पुन्हा वाटलं, उतरून माघारी जावं.

४ मे, रवि.

मंग्या आला दोनले. दोघंच. भुताचं नाही, साधं गोळीबाराचं. तो एक कान बाबाकडे ठेवते, हेडफोन अर्धाच लावते. मी आज सारखी मरत होती. पाय चालेना, नेम लागेना. त्यानं विचारलं, काय झालं तुले? झोप नाही, म्हटलं.

त्याचा आवाज मी पूर्ण वाढवून ठेवला होता. कान दुखले.

६ मे

दुकानात एकाच्या चष्म्याले उलट्या काचा बसवल्या. डावी उजव्यात. मालक म्हणे, तुमचं लक्ष कुठी आहे. गिऱ्हाईक चांगलं होतं, हासलं.

८ मे, गुरु.

तुषारचा फोन. रडत होता. शनिवारी गेलता अकोल्याले, संत्र्याची पेटी घेऊन. मंग्यानं दार उघडलं, पाह्यलं अन् लावून घेतलं. पेटी तो ओट्यावर ठेवून आला.

"माही चूक आहे, मी नाही म्हणत नाही," तुषार म्हणे. "पण त्याच्या बाबाचा हात गेला तो मी हासलो म्हणून गेला, असं त्यानं रोहितले सांगितलं. असं असन का, वैशू?"

मी म्हटलं, डॉक्टरलेबी सांगता येत नाही ते.

"तुहं बरं झालं नेट गेलतं," म्हणे. तेबी त्याले रोहितकडूनच कळलं असन. टोमणा नव्हता. खरंच म्हणून राहिला होता तो. त्याले एवढंबी आठवलं नाही, का नेट गेलं असतं तर मी त्याच्यासंग सामान घेऊन बाहेर कशी आली असती.

म्हणजे एक दिवस त्याले आठवन. त्याच्याआधी मी सांगायले पाहिजे. पण त्याले आठवन म्हणून सांगणं वेगळं अन् त्याच्या डोक्यावरचं ओझं काढायले सांगणं वेगळं, एवढं मले कळते.

१० मे, शनि.

कागदावर लिहून पाह्यलं कसं सांगायचं. चार ओळी झाल्या. सगळ्यात मीच बिचारी दिसून राहिली. फाडलं.

मंग्या मले टाकन. तेच भेव आहे, दुसरं काही नाही. चार वर्षांत संध्याकाळी मले विचारणारा एकच माणूस होता, आज कसा गेला दिवस. तो गेला का उरते काय, काचा अन् मशीन.

अन् तुषारचं काय उरलं आहे आता?

११ मे, रवि.

दोन वाजता आला. बाबा आज दोन पावलं चालले म्हणे, आईच्या खांद्याले धरून. लय खुश होता. म्हणे पुढच्या महिन्यात मूर्तिजापूरले भेटू, अर्धा रस्ता तू ये, अर्धा मी.

खेळ सुरू झाला. मी पहिल्याच घरात शिरून थांबली. तो म्हणे, चाल ना पुढं, थांबली काहून?

मी म्हटलं, "मंगेश, त्या दिवशी माहं नेट गेलं नव्हतं."

त्याच्याकडच्या गोळ्या थांबल्या.

"मले भेव वाटलं तुह्या आवाजाचं. मी तुहा आवाज बंद केला. तू खरं बोलून राहिला, हे मले वाटलं होतं, तरी केला. तुषारले माईत नाही. तो माह्या भरवशावर हासला."

समोरून गोळ्या चालू होत्या. तो हलला नाही, मी हलली नाही. दोघंबी मेलो. पडदा काळा झाला. त्याच्याकडून कूलरचा आवाज येत होता, अन् बाबाचं काहीतरी बोलणं, समजलं नाही ते.

मग तो म्हणे, "थांब. बाबाले कुशीवर करून येतो."

हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यानं बंद नाही केलं काही. त्याच्या घरातलं सगळं ऐकू येऊन राहिलं, भांडं, आईची चप्पल, कोणीतरी दार ओढलं. वीस मिनिटं झाले, तो आला नाही अजून. मी आवाज कमी केला नाही, इथंच बसून हे लिहून राहिली.