कर्दळीचं बी

४ मार्च २०२५
सुनेनं आज डबीतनं बी काढून दाखवलं. कर्दळीचं! काळं, टणक, छऱ्यासारखं. कर्दळ कंदानं लावतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमची निकिता पडली बारामतीला शेतीचं शिकलेली. म्हणे, "आत्या, बियातनं नवे रंग निघतात." हे उगवलं की विहिरीकडची दोन गुंठं तिला फुलांच्या रोपवाटिकेला द्यायची, असं आमच्या ह्यांनी कबूल केलंय. तितं वीस वर्षं मी भाजी लावते. मला विचारलं कुणी?

५ मार्च
बी कोमट पाण्यात भिजत टाकून ती बाजाराला गेली. मी उकळतं आधण ओतलं वाटीत — चांगलं खळखळतं. निवल्यावर पाणी बदलून झाकून ठेवलं. आता उगव म्हणावं. लई बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ मार्च
धुळवड. निकितानं बी ट्रेमधी पेरून आठवडा झाला. नुसती माती.

२२ मार्च
निकिता रोज सकाळी ट्रेपुढं उकिडवी बसती. आज मी माझ्या पोरादेखत, सोपानदेखत म्हणाले, "हिच्या हातालाच गुण न्हाय. उसाच्या लावणीला हिला आणू नका." सोपान हसला. स्वतःच्या बायकोवर हसला! ती न जेवता उठली. तिची भाकरी मी कुत्र्याला घातली.

२७ मार्च
भांडण. ती म्हणाली, "आजून थोडं थांबा, ह्या बियाला येळ लागतो." सोपान म्हणाला, "मग तुझ्या आईकडं जाऊन थांब." गेली. अंगावरच्या कपड्यानिशी गेली. ट्रे मी न्हाणीमागं सांडपाण्यात उपडा केला.

६ एप्रिल
न्हाणीमागं कोंब! जाड, तांबूस, सगळेच्या सगळे. शेजारच्या ठमाबाई सोपानला सांगत होत्या, "ह्याचं कवच लई टणक. उकळतं पाणी घातल्याबिगर वर्षभर हलत न्हाय. कुणाला सुचलं?" निकिताला हे ठाऊक न्हवतं. ती कोमटच घालायची, आणि वाट बघत बसायची.

फोन करावा का तिला? दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसले. न्हाय केला.

७ एप्रिल
सोपाननं विचारलं, "आई, पाणी तू घातलं व्हय?" व्हय म्हणाले. त्याला केवढा आनंद! "शिकलेलीला जमलं न्हाय, ते आमच्या आईनं केलं," म्हणून गल्लीभर सांगत सुटला. संध्याकाळी निकिताची पेटी तिच्या माहेरी धाडायला टेम्पो आणला. पेटी जड होती. एक कडी मी धरली.